व्हिडिओच्या पुराव्याला सील रेकॉर्डिंगच्या क्षणीच लागायला हवं: गृह विभागास खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. संचालक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय, कलिना, मुंबई

विषय: सरकारी सीसीटीव्हीच्या चित्रणात रेकॉर्डिंग होतानाच छुपा डिजिटल वॉटरमार्क घालण्याची अट निविदांमध्ये समाविष्ट करण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी सोलापुरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. चाटी गल्लीतल्या कापडाच्या दुकानांपासून अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागांपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या दारात चोरी झाली, मारामारी झाली, एखादी गाडी कुणाला उडवून गेली, की पोलीस फुटेज मागायला येतात आणि दुकानदार मला फोन लावतो, कारण डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड त्याला आठवत नसतो. त्यामुळे पुराव्याचा व्हिडिओ डीव्हीआरमधून बाहेर कसा पडतो, हे मी जवळून पाहत आलो आहे. त्याबद्दलच आपल्याला लिहितो आहे.

बहुतेक वेळा सुरुवात मोबाइलने होते. मी रेकॉर्डिंग शोधून मॉनिटरवर लावतो, पोलीस कर्मचारी आपला मोबाइल पडद्यासमोर धरतो आणि पडद्याचंच शूटिंग करून घेतो. त्यात ट्यूबलाइटची तिरीप दिसते, मागचं बोलणं ऐकू येतं, मध्येच हात हलतो. ती क्लिप लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. यात मी त्यांना दोष देत नाही. पळून चाललेला माणूस गाठायचा असतो, पुढच्या नाक्यावर गाडीचा रंग कळवायचा असतो. त्या घडीला तेच शहाणपणाचं असतं. मग दोन-चार दिवसांनी कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतं आणि मी मूळ फाइल काढून देतो. कधी कधी कुणी येतच नाही. तोवर हार्ड डिस्क भरते, नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं आणि मोबाइलवरची ती हललेली क्लिप एवढाच पुरावा मागे उरतो. त्या क्लिपमध्ये कुणी काही बदललं असेल तर ते ओळखण्याचं कोणतंही साधन तिच्यात नसतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचं असतं, त्यात आता फाइलचा हॅश लिहावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे आणि तिचं मनापासून स्वागत केलं पाहिजे. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेली एक ओळ. एसएचए-२५६ पद्धतीची ओळ ६४ अक्षरांची असते, आणि दोन तासांच्या रेकॉर्डिंगमधला एकच बिट बदलला तरी ती अख्खी ओळ बदलते. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ याही चौकटी छापल्या आहेत. या दोन्ही पद्धतींत वेगवेगळ्या फाइलींचा हॅश एकच काढून दाखवता येतो, हे अनुक्रमे २००४ आणि २०१७ मध्ये सिद्ध झालं आहे. तेव्हा आपल्या तपास अधिकाऱ्यांना एसएचए-२५६ चीच चौकट भरायला सांगावं, ही जाता जाता विनंती.

पण हा हॅश काढला जातो केव्हा? फाइल पेन ड्राइव्हवर आल्यावर. कधी पोलीस ठाण्यात, कधी त्याच्याही पुढे. घटना मंगळवारी घडली आणि हॅश शुक्रवारी काढला, तर शुक्रवारनंतर फाइलला हात लागलेला नाही एवढंच तो सांगू शकतो. मंगळवार ते शुक्रवार काय झालं, याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. शिवाय त्याला दोनच उत्तरं देता येतात: जुळलं किंवा नाही जुळलं. डीव्हीआरची फाइल कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असते, ती कोर्टातल्या संगणकावर चालत नाही, म्हणून कुणीतरी भल्या हेतूने तिची एमपी४ करतं आणि हॅश बदलतो. चित्रातला माणूस तोच, रस्ता तोच, वेळ तीच, तरी कागदावर 'जुळत नाही' असं येतं. आणि खरोखर कुणी नंबरप्लेटवरचा तीनचा आठ केला असेल, तरीही उत्तर हेच येतं. प्रामाणिक रूपांतर आणि बदमाशी यांत फरक करणं हॅशच्या हातात नाही.

चाकू किंवा रक्ताळलेले कपडे जप्त करताना आपण काय करतो? जागेवर, पंचांसमोर, पाकिटात घालून लाखेचं सील लावतो आणि लेबलावर पंचांच्या सह्या घेतो. चाकू तीन दिवस दुकानदाराच्या कपाटात पडून राहिला आणि चौथ्या दिवशी सील केला, तर बचावाचा वकील त्या एका मुद्द्यावर अख्खी केस हलवून टाकेल. व्हिडिओच्या बाबतीत आपण रोज हेच करतो आहोत.

छुपा वॉटरमार्क, म्हणजे चित्रातच दडवलेली, डोळ्याला न दिसणारी खूण, हे सील चित्र तयार होत असतानाच लावतो. त्याची रीत मी थोडी सविस्तर सांगतो, कारण निविदेची अट लिहिणाऱ्यांना ती कळली नाही तर कागदावर अट येईल आणि कॅमेऱ्यात काहीच येणार नाही.

चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते २५५ यांमधल्या एका आकड्याने लिहिलेली असते. १८६ च्या जागी १८७ लिहिलं तर डोळ्याला काहीही कळत नाही. या न कळणाऱ्या जागेत खूण दडवता येते. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या एका फ्रेमचे, म्हणजे व्हिडिओतल्या एका स्थिर चित्राचे, आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले तर ३२,४०० चौकोन होतात. कॅमेरा प्रत्येक चौकोनाच्या चित्रावरून, आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने (म्हणजे एका लांबलचक गुप्त आकड्याने), एक छोटी खूण तयार करतो आणि ती चित्रातच विणून टाकतो. नंतर कुणी नंबरप्लेट बदलली तर त्या जागचं चित्र आणि खूण यांचा मेळ बसत नाही. तपासणारं सॉफ्टवेअर नेमके तेवढेच चौकोन रंगवून दाखवतं. म्हणजे न्यायाधीशांना 'फाइल बदलली आहे' याच्या पुढचं उत्तर मिळतं: या फ्रेममध्ये, या जागी बदल झाला आहे आणि बाकीचं चित्र शाबूत आहे.

याच्याही पुढची पायरी १९९९ मध्येच संशोधकांनी दाखवून ठेवली आहे. जेसिका फ्रिड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रत्येक चौकोनाची एक ढोबळ नक्कल चित्रातल्याच दुसऱ्या, लांबच्या चौकोनात दडवायची पद्धत मांडली. कुणी चित्रातून माणूस पुसला, तर त्याची अंधूक आकृती त्या दुसऱ्या जागेवरून परत उभी करता येते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच पानावर होतो. ज्या बाईची पर्स हिसकावली गेली, ज्याचा मुलगा गाडीखाली आला, त्यांच्यासाठी या गोष्टीचं मोल काय आहे ते आपल्याला सांगायला नको.

आता अडचणी. सगळ्यात साधी खूण अतिशय नाजूक असते. फाइल एकदा दाबून लहान केली की ती मोडते. सीसीटीव्हीचं चित्र तर जन्मापासूनच दाबलेलं असतं. म्हणून अशी खूण हवी जी नेहमीचं कॉम्प्रेशन सोसेल, पण चित्राचा आशय बदलला की मोडेल. कोलंबिया विद्यापीठात चिंग-युंग लिन आणि शिह-फू चांग यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जेपीईजी चित्रांसाठी याचं एक देखणं उत्तर शोधलं. जेपीईजी दाबताना प्रत्येक चौकोनातले आकडे एका ठरावीक संख्येने भागून पूर्णांकात बसवले जातात. दोन चौकोनांमधला एकाच जागेवरचा आकडा घेतला, तर दोन्ही एकाच संख्येने भागले जात असल्याने मोठा तो लहान होत नाही. फार तर दोघे सारखे होतात. हे आपसातलं नातं खूण म्हणून धरलं, की दाबल्याने ते टिकतं आणि माणूस पुसल्याने तुटतं. व्हिडिओला हे जसंच्या तसं लागू पडत नाही, त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते. पण पाव शतकापासून यावर काम चालू आहे. हे कुठल्या भविष्यातलं तंत्र नाही.

आपले अधिकारी म्हणतील, डीव्हीआरमध्ये वॉटरमार्क असतोच. असतो. अनेक डीव्हीआरच्या एन्कोड सेटिंगमध्ये 'वॉटरमार्क' नावाची चौकट असते, पुढे मजकूर लिहायला एक रकाना असतो, आणि कारखान्यातून आलेला शब्द त्यात तसाच पडून असतो. एकाच मॉडेलच्या सगळ्या डीव्हीआरमध्ये तोच शब्द. बसवणारा तो बदलत नाही, कारण कुणी सांगितलेलं नसतं आणि गिऱ्हाइकाने विचारलेलं नसतं. फाइल कंपनीच्या फॉरमॅटमध्ये काढली तर कंपनीच्याच प्लेअरवर तो तपासता येतो; एव्हीआय किंवा एमपी४ करून काढली की बहुधा तो गळून पडतो. जगाला माहीत असलेल्या शब्दाचं सील कुणीही लावू शकतं. निविदेत नुसतं 'वॉटरमार्कची सोय असावी' असं लिहिलं, तर पुरवठादार ही चौकट दाखवून मोकळा होईल.

सीसीटीव्हीच्या बाबतीत एक धोका असा आहे की जो साध्या फोटोला इतका लागू होत नाही, आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. २००० साली हॉलिमन आणि मेमन या संशोधकांनी दाखवलं, की प्रत्येक चौकोनाची खूण स्वतंत्र असेल तर त्याच किल्लीने खूण केलेल्या दुसऱ्या चित्रातला चौकोन आणून इथे चिकटवता येतो आणि तपासणीत तो खराच ठरतो. आता विचार करा. चौकातला कॅमेरा खांबावर पक्का बसवलेला असतो. कालचा रस्ता आणि आजचा रस्ता एकाच कोनातून, एकाच जागी, ठिपक्याला ठिपका जुळेल असा टिपलेला असतो. कालच्या मोकळ्या रस्त्याचे चौकोन उचलून आजच्या गाडीवर ठेवले की गाडी गेली. खूण खरी, किल्ली खरी, कॅमेरा खरा, पुरावा मात्र खोटा. याला उपाय आहे: प्रत्येक चौकोनाच्या खुणेत कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख-वेळ, फ्रेमचा क्रमांक आणि त्या चौकोनाची जागा मिसळलेली हवी. शिवाय प्रत्येक फ्रेमच्या खुणेत आधीच्या फ्रेमचा सारांश गुंफलेला हवा, म्हणजे मधल्या पंचवीस फ्रेम, म्हणजेच एक सेकंद, जरी कुणी कापून टाकला तरी साखळी तुटलेली दिसेल. फुटेजशी होणारी लबाडी बऱ्याचदा चित्र बदलण्याची नसते, मधला तुकडा गायब करण्याची असते. त्यामुळे ही साखळीची अट सोडून चालणार नाही.

वेळेचंही तसंच. डीव्हीआरच्या आतली बटणाएवढी बॅटरी संपली की घड्याळ मागे-पुढे होतं, कधी थेट २००० सालात जातं. चुकीच्या वेळेवर कितीही पक्की खूण केली तरी ती चुकीचीच वेळ पक्की करते. सरकारी कॅमेऱ्यांची घड्याळं सर्व्हरवरून रोज जुळवली जावीत आणि जुळवल्याची नोंद राहावी.

यापुढचा प्रश्न किल्लीचा. कॅनन आणि निकॉन या नामवंत कंपन्यांनी आपल्या कॅमेऱ्यांत फोटो खरा असल्याचं सिद्ध करणारी सोय दिली होती, वृत्तसंस्था आणि पोलिसांनी ती विश्वासाने विकत घेतली. २०१० मध्ये एल्कमसॉफ्ट या रशियन कंपनीने कॅननच्या कॅमेऱ्यातली किल्ली बाहेर काढली आणि स्वातंत्र्यदेवतेच्या हातात विळा, चंद्रावर सोव्हिएत झेंडा अशी चित्रं कॅननच्याच तपासणीत 'अस्सल' म्हणून पास करून दाखवली. पुढच्या वर्षी निकॉनचीही तीच गत झाली. २०२५ मध्ये निकॉनला नव्या झेड६ थ्री कॅमेऱ्यासाठी दिलेली प्रमाणपत्रं एका त्रुटीमुळे रद्द करावी लागली. यावरून हा मार्गच सोडून द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. किल्ली कॅमेऱ्याच्या साध्या मेमरीत ठेवू नये, ती न उघडणाऱ्या सुरक्षित चिपमध्ये असावी, प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी असावी, आणि फुटलीच तर ती एकटी रद्द करता यावी, एवढं मात्र यातून पक्कं कळतं.

आणि तपासणीची किल्ली खूण करणाऱ्या किल्लीहून वेगळी हवी. दोन्हींना एकच किल्ली लागत असेल, तर ज्याला तपासता येतं त्याला बनावट खूणही करता येते. मग पोलिसांनी 'तपासलं, खरं आहे' म्हटलं तरी आरोपीने विश्वास का ठेवावा? सार्वजनिक आणि खासगी अशा किल्ल्यांची जोडी वापरली की खूण फक्त कॅमेरा करतो, पण ती कुणीही तपासू शकतो: कलिन्याची प्रयोगशाळा, बचावाचा वकील, पत्रकार आणि ज्याच्या विरुद्ध ते फुटेज दाखवलं जातं तो माणूससुद्धा. तपासणीचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं असलं पाहिजे. पुरवठादाराच्या बंद डब्यातलं 'अस्सल / बनावट' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कोर्टालाही वाटू नये.

याची सगळ्यात जास्त निकड पोलीस ठाण्यांमधल्या कॅमेऱ्यांना आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, आवाज टिपणारे आणि अंधारात दिसणारे कॅमेरे बसवायला सांगितलं आणि रेकॉर्डिंग अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष जपायला सांगितलं. ते कॅमेरे ज्यांच्यावर नजर ठेवतात, त्यांच्याच ताब्यात त्यांचा डीव्हीआर असतो. कोठडीत काही घडल्याचा आरोप झाला की संशय आपोआप त्या खोलीपर्यंत जातो. प्रामाणिक ठाणेदारावरसुद्धा. ज्याच्या ठाण्यातल्या प्रत्येक फ्रेमवर मोडता न येणारी खूण आहे, त्याला आपल्या शब्दावर विश्वास ठेवा अशी विनवणी करावी लागणार नाही. म्हणून या कॅमेऱ्यांच्या किल्ल्यांचा कारभार पोलीस दलाकडे नको, पुरवठादाराकडेही नको. तो प्रयोगशाळेकडे किंवा उच्च न्यायालयाने ठरवलेल्या यंत्रणेकडे असावा.

खूण फाइलच्या आत असण्याचा आणखी एक फायदा आपल्याच राज्यातल्या एका गाजलेल्या निकालातून दिसतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं, की खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरच्या दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, आणि त्याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणातच आहे. चित्रीकरण सरकारी, ठेवलेलं सरकारकडे. पण त्याचं ६५-ब चं प्रमाणपत्र मागूनही संबंधित अधिकारी देईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं ठणकावून सांगितलं, मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी सगळे प्रयत्न केले त्याला अधिकाऱ्यांच्या नकाराची शिक्षा नको, असंही म्हटलं. मला यात एवढंच दिसतं, की व्हिडिओ खरा की खोटा हा प्रश्न बाजूला राहून तो ज्याच्या कपाटात आहे त्याची सही मिळते का, यावर वर्षं गेली. प्रमाणपत्र कायद्याने हवंच, ते राहू द्या. पण चित्राने आपली साक्ष स्वतःबरोबर बाळगली, तर सही अडवून ठेवण्यात कुणाला फारसा रस उरणार नाही.

इथे प्रयोगशाळेला एक वेगळी विनंती करायची आहे. कुणीही न घातलेला एक वॉटरमार्क आपल्या रेकॉर्डिंगमध्ये आधीपासून असतो. विजेवर चालणाऱ्या यंत्राने आवाज टिपला की त्यात विजेच्या मेन लाइनचा बारीक गुणगुणाट उतरतो. विजेची फ्रिक्वेन्सी आपण ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं, म्हणतो, पण ती कधीच नेमकी पन्नास नसते. ग्रीड कोडप्रमाणे, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या नियमांप्रमाणे, ती ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राहायला हवी; ती क्षणाक्षणाला हलत असते, आणि हे हेलकावे परत तसेच्या तसे येत नाहीत. रुमानियाचे कॅटॅलिन ग्रिगोरास यांनी यावरून रेकॉर्डिंगची वेळ ओळखण्याची पद्धत विकसित केली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी वर्षानुवर्षं या हेलकाव्यांची नोंद ठेवली आणि ती कोर्टात वापरली. रेकॉर्डिंगमधला मधला तुकडा कापला असेल तर हेलकाव्यात उडी दिसते.

आपल्याकडे ही सोय आणखी सोपी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड बाकीच्या देशाशी एका तालात बांधली गेली. तेव्हापासून सोलापुरात आणि गुवाहाटीत फ्रिक्वेन्सी एकाच वेळी एकसारखी हलते. म्हणजे सगळ्या देशाला मिळून एक नोंद पुरते. ती ठेवायला लागतं काय? एक लहान स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, दोन रेझिस्टर आणि संगणकाचं साउंड कार्ड. माझ्या दुकानातल्या टेबलावर हे मांडता येतं. कलिन्यात आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळांमध्ये ही नोंद रात्रंदिवस चालू राहावी. इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा गुणगुणाट सापडेलच असं नाही, त्यामुळे सगळी भिस्त यावर ठेवता येणार नाही. पण जिथे वॉटरमार्क नाही अशा जुन्या रेकॉर्डिंगसाठी ती हाताशी असावी.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एआयने बनवलेल्या चित्र-व्हिडिओंसारख्या आशयावर ठळक लेबल लावण्याच्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा त्याची खूप चर्चा झाली. ते व्हायला हवंच होतं. मात्र ज्याला खोट्या व्हिडिओने कुणाला अडकवायचं आहे, तो त्यावर लेबल लावणार नाही. आणि आता उलटाही प्रकार सुरू झाला आहे: खरं फुटेज समोर ठेवलं तरी 'हे एआयने केलंय' म्हणून हात झटकता येतात. खोट्यावर शिक्का मारण्याइतकंच खऱ्याला ओळखपत्र देणं गरजेचं झालं आहे.

हे सगळं लिहिताना एका गोष्टीची मला मनापासून भीती वाटते आणि ती आपल्याला आधीच सांगून ठेवतो. उद्या सरकारी कॅमेऱ्यांना वॉटरमार्क आला, की ज्यात तो नाही ते फुटेज खोटं, असा अर्थ कुणी काढू नये. गावातल्या माणसाच्या जुन्या मोबाइलवर टिपलेला व्हिडिओ, टपरीवाल्याच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, मारहाण होत असताना कुणीतरी घाबरत खिडकीतून काढलेली क्लिप, यांत कोणतीही खूण नसणार. अन्यायाचे कितीतरी पुरावे अशाच साधनांतून बाहेर येतात. खूण असेल तर विश्वास वाढावा. नसेल तर नेहमीसारखी तपासणी व्हावी, यापलीकडे तिचा उपयोग होता कामा नये. हे परिपत्रकात शब्दांत लिहून ठेवावं.

खर्चाचा प्रश्न येईल. बसवलेले कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची सक्ती झाली तेव्हा आमच्या धंद्यात मोठी ओरड झाली, माल अडकला, भाव चढले. वर्षभरात बाजाराने जुळवून घेतलं. सरकार हे राज्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. सरकारने निविदेत मागितलं की कंपन्या देतात, आणि मग दोन वर्षांत तेच आमच्या दुकानात येतं. सुरुवात पोलीस ठाणी, कारागृहं आणि मतमोजणी केंद्रांपासून करावी. मान्यता देण्याआधी कॅमेरे सीओईपी, व्हीजेटीआय आणि वालचंदसारख्या महाविद्यालयांतल्या मुलांकडे द्यावेत आणि खूण मोडून दाखवायचं त्यांना उघड आव्हान द्यावं. जी खूण विद्यार्थ्यांना मोडता येईल ती गुन्हेगारांना मोडायला वेळ लागणार नाही. नव्या कॅमेऱ्यांची वाट न पाहता एक आदेश मात्र आजच काढता येईल: मॉनिटरवरून मोबाइलने घेतलेली क्लिप शोधासाठी वापरा, पण ठरावीक तासांच्या आत डीव्हीआरमधली मूळ फाइल मूळ फॉरमॅटमध्ये, तिच्या प्लेअरसह काढून घ्या, आणि तिचा हॅश तिथेच, दुकानदारासमोर काढून पंचनाम्यात लिहा. याला पैसा लागत नाही.

निविदेसाठी अटीचा मसुदा माझ्या परीने लिहून देतो. आपल्या तज्ज्ञांनी तो दुरुस्त करावा:

'कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेममध्ये चित्रीकरणाच्या क्षणीच दृश्य न होणारी खूण घालावी. ती कॅमेऱ्याचा क्रमांक, वेळ, फ्रेमचा क्रमांक, चित्रातील जागा आणि आधीची फ्रेम यांच्याशी बांधलेली असावी. नेहमीच्या कॉम्प्रेशनमध्ये आणि एमपी४ रूपांतरात ती टिकावी; चित्रातील वस्तू बदलल्यास, काढल्यास किंवा फ्रेम गाळल्यास बदलाची जागा व वेळ दाखवावी. खासगी किल्ली प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र व सुरक्षित चिपमध्ये असावी आणि ती पुरवठादारास उपलब्ध नसावी. तपासणीचे सॉफ्टवेअर, त्याच्या सोर्स कोडसह, कोणासही विनामूल्य मिळावे.'

प्रात्यक्षिकासाठी आपल्या सोलापूरच्या किंवा कलिन्याच्या कार्यालयात माझे डीव्हीआर घेऊन यायची माझी तयारी आहे. कारखान्याचा वॉटरमार्क कसा गळतो आणि कालचा रस्ता आजच्यावर कसा बसतो, हे तासाभरात दाखवता येईल.

आपला,
सोलापुरातील एक सीसीटीव्ही व्यावसायिक